इंजिन उघडा, पण आधी मोजा



दसऱ्याला आपल्यापैकी बहुतेकांनी गाडी धुतली असेल, मीना बाजारालगतच्या गल्लीतून आणलेली झेंडूची माळ बॉनेटवर घातली असेल, चाकाखाली लिंबूही ठेवलं असेल. खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करणारी आपली माणसं. पण ज्या बॉनेटवर माळ घातली, त्याखाली काय चाललेलं असतं हे कधी निवांत पाहिलंय का? हा लेख त्याबद्दल आहे. थकलेलं इंजिन कमी पैशांत, घरच्यांच्या मदतीने पुन्हा उभं करता येतं का, आणि येत असेल तर ते करावं की नाही हे कसं ठरवायचं?

मी आयुष्यभर यंत्र अभियांत्रिकी शिकवली. निवृत्तीनंतर काही वर्षांपूर्वी मुलाकडे, बर दुबईला राहायला आलो. त्यामुळे लेखात थोडी मास्तरकी डोकावेल, ती चालवून घ्या. इथे जन्मलेल्या मुलामुलींनी तर हा लेख आईबाबांकडून वाचून घ्यावा, कारण तो मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

तीन वाटा

आपल्यापैकी अनेकांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. गाडी बारा वर्षांची, मीटरवर अडीच लाखांहून जास्त किलोमीटर, दर महिन्याला वरून तेल घालावं लागतं. गाडी तीन वर्षांहून जुनी झाली की मुल्कियाच्या नूतनीकरणाआधी दरवर्षी तपासणी असतेच, आणि धूर ओकणारी गाडी तिथे अडते. गॅरेजमध्ये गेलं की तीन वाटा सांगितल्या जातात. एक, मिळेल त्या भावाला विका. दोन, शारजाच्या औद्योगिक भागातून वापरलेलं इंजिन आणून बसवा. तीन, आहे तेच इंजिन उघडून बांधा.

दुसरी वाट सर्वांत झटपट. पण ते इंजिन किती चाललंय, कधी तापलंय, हे विकणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. शिवाय इंजिनाचा क्रमांक बदलतो, म्हणजे कागदपत्रांचं काम आलंच. तिसऱ्या वाटेला वेळ लागतो, पण तिथे एक फायदा आहे: आजार नेमका कुठे आहे हे पैसे खर्च करण्याआधी कळू शकतं. मात्र त्यासाठी मोजावं लागतं. या लेखात एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळा तपशील आहे.

पहिलं मोजमाप इंजिन न उघडताच होतं. धुराचा रंग पाहा. निळसर असेल तर तेल जळतंय. दाट पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा असेल तर कूलंट आत शिरतोय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय; त्यासाठी इंजिन उघडायची गरज सहसा पडत नाही. मग कॉम्प्रेशन तपासायचं. इंधन आणि ठिणगी बंद करायची, सगळे प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि एकेका सिलिंडरला दाबमापक लावून स्टार्टर फिरवायचा. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण दहा ते तेरा बार दाब दिसतो आणि चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असतात. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर दोष रिंगांच्या बाजूला, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटच्या बाजूला. अर्ध्या तासाचं काम, पण हजारो दिरहमचा निर्णय त्यावर ठरतो.

आमच्या घरातला हिशेब

आमच्या घरी ही वेळ आली तेव्हा दिवस जरा कठीण होते. मुलाची कंपनी बंद पडली होती. नवी नोकरी मिळाली, पण पगार आधीपेक्षा कमी, आणि कामाची जागा अशा ठिकाणी की गाडीशिवाय जाणं अवघड. नव्या गाडीचा हप्ता घ्यायचा तर नातीच्या शिकवणीला कात्री लावावी लागली असती. मुलगा याबद्दल फारसं बोलत नव्हता. सूनबाईंनी एका वहीत दोन रकाने आखले, 'हप्ता' आणि 'दुरुस्ती', आणि वही जेवणाच्या टेबलावर ठेवून दिली.

कॉम्प्रेशन घेतलं. तीन सिलिंडर बारा बारच्या आसपास, तिसरा मात्र आठ. तेल टाकल्यावर तो अकरावर आला. म्हणजे संशय रिंगांवर. अल कूझमधल्या एका लहान गॅरेजच्या उस्तादांशी बोललो. ते पेशावरचे, तीस वर्षं याच धंद्यात. त्यांचा पहिला सल्ला सरळ होता: चारही सिलिंडरांना बोअर मारा, नवे पिस्टन घाला, मग चिंता नाही. त्यात काही गैर नव्हतं. बहुतेक गिऱ्हाइकांना तेच हवं असतं. मी त्यांना एवढंच विचारलं की आधी मोजू का? ते हसले आणि म्हणाले, मोजा की, प्रोफेसरसाहेब, मोजायला पैसे पडत नाहीत.

सौदा असा ठरला. इंजिन गाडीतून ते काढून देतील. कोपऱ्यातलं एक टेबल शनिवार-रविवारी आमचं. सुटे भाग उतरवणं, साफसफाई, खुणा आणि मोजमाप आम्ही करू. कापायचं, घासायचं काम यंत्रशाळेत होईल आणि जोडणी ते स्वतः, आमच्यासमोर करतील. मजुरीचा मोठा भाग सुटे भाग धुण्यात आणि खरवडण्यात जातो. तोच भाग घरच्यांनी उचलला की खर्च खरोखर खाली येतो. आणि जोडणी जाणत्या हातांकडे राहिली की जोखीम वाढत नाही. आपल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये हे उद्योग करता येत नाहीत, करूही नयेत. जागा गॅरेजचीच हवी आणि जुनं तेलही त्यांच्याच पिंपात जायला हवं.

घरातले हात

इंजिन उघडताना सर्वांत महत्त्वाचं कौशल्य ताकदीचं नसतं, नीटनेटकेपणाचं असतं. क्रँकच्या बेअरिंगच्या टोप्या दिसायला सारख्या, पण एकीची जागा दुसरीला चालत नाही. त्या आपापल्या जागी बसवूनच कारखान्यात भोक पाडलेलं असतं. व्हॉल्व्ह ज्या जागेतून निघाला त्याच जागेत परत गेला पाहिजे. म्हणून प्रत्येक भागाची खूण हवी. हे खातं आमच्या सौ.नी घेतलं. लाडू-चिवड्याचे रिकामे डबे, पिशव्या, दोरा आणि कागदाच्या चिठ्ठ्या. 'इनटेक, सिलिंडर २, पुढचा' अशी वळणदार अक्षरात चिठ्ठी. उस्ताद एकदा ते डबे पाहून म्हणाले की त्यांच्या पोरांनी हे शिकायला हवं.

नातीकडे मायक्रोमीटर आणि फीलर गेज आलं. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजोबा, ०.०३ मिलिमीटर म्हणजे नक्की किती?" मी तिचाच एक केस मायक्रोमीटरमध्ये धरायला सांगितला. आकडा आला ०.०७. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलासाठी ठेवलेली फट त्याच्या निम्म्याइतकी. आणि इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होतो. ते सगळं धातूवर धातू न घासता चालतं, कारण मध्ये केसाहून पातळ तेलाचा थर असतो. हे एकदा हाताला कळलं की तेल वेळेवर बदला असं कुणी सांगावं लागत नाही.

मोजमापांचे निकाल बोलके होते. सिलिंडरांची झीज मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत होती. तिसऱ्या पिस्टनच्या तेल खरवडणाऱ्या रिंगा मात्र काजळीने खाचेत चिकटून बसल्या होत्या आणि तेल परत जाण्याची बारीक भोकं बुजली होती. म्हणजे बोअर मारायची गरजच नव्हती. सिलिंडरांना हलका होनिंगचा हात द्यायचा, म्हणजे आतल्या भिंतीवर तेल धरून ठेवणाऱ्या बारीक तिरप्या रेषा पुन्हा उमटतात, आणि नव्या रिंगा घालायच्या. उस्तादांनी आकडे पाहिले, स्वतः एकदा मोजून घेतले आणि मान डोलावली.

दुसरीकडे, ज्याचा कुणाला संशय नव्हता ते निघालं. हेडवर सरळ पट्टी धरून खालून फीलर गेज सरकवलं तर मधल्या भागात फट. इंजिन कधीतरी जास्त तापलं होतं आणि हेड किंचित वाकलं होतं. न मोजता नवं गॅस्केट घालून बसवलं असतं तर काही महिन्यांत पुन्हा उघडावं लागलं असतं. बोअरचे वाचलेले पैसे हेड घासून सपाट करण्यात आणि व्हॉल्व्ह बसवण्यात गेले. वहीतल्या 'दुरुस्ती'च्या रकान्याची बेरीज फार बदलली नाही, पण पैसा जिथे जायला हवा होता तिथे गेला.

आणखी एक गोष्ट. गॅस्केट खरवडणं हे फार कंटाळवाणं काम. हात चालतात, डोकं मोकळं असतं. तीन-चार शनिवार बापलेक समोरासमोर बसून खरवडत होते. कंपनी बंद पडल्यापासून मुलाच्या मनात साठलेलं जे काही होतं, ते त्या टेबलावर बाहेर आलं. मी ऐकत होतो आणि पिस्टनच्या खाचा साफ करत होतो.

रिंग नावाची छोटी गोष्ट

तरुण वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. रिंग दिसायला साधी, लोखंडाची कापलेली बांगडीच. पण तिने एका माणसाचं आयुष्य बदललं. सोइचिरो होंडा यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात गाड्यांचं दुरुस्तीकाम बाजूला ठेवून पिस्टन रिंगा बनवायला घेतल्या. पहिल्या खेपेला टोयोटाकडे तपासणीला गेलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. धातूचं शास्त्र आपल्याला येत नाही हे ओळखून, चांगला चालता कारखाना असताना, ते हामामात्सूच्या तांत्रिक शाळेत मुलांबरोबर वर्गात जाऊन बसले. युद्धानंतर १९४६ मध्ये त्यांनी सैन्याची उरलेली छोटी जनरेटर इंजिनं घेऊन सायकलींना बसवली. ती सायकल चालवून पाहणाऱ्या पहिल्यांमध्ये त्यांच्या पत्नी साची होत्या. चालवताना कपड्यांना तेल लागतं ही तक्रारही त्यांनीच केली, आणि पुढे रचना सुधारली. कमी पैसा, जुनं इंजिन, घरच्यांचा हात: जगातल्या एका मोठ्या वाहन कंपनीची सुरुवात अशी आहे.

ताकद वाढवायची का?

आता माझ्या नातवाचा प्रश्न. वय पंधरा. इंजिन उघडलंच आहे तर टर्बो बसवूया, हा त्याचा आग्रह. त्याला मी कागद-पेन्सिल दिली आणि आपली जुनी प्रीमियर पद्मिनी समजावली. तुमच्यापैकी अनेकांचं बालपण त्या गाडीच्या मागच्या सीटवर गेलं असेल. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत, मुंबईत कुर्ल्याला फियाट ११०० तयार होई, तिचंच पुढचं नाव पद्मिनी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. तिच्या इंजिनाचे आकडे लक्षात ठेवायला सोपे: सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. गुणाकार केला की १०८९ सीसी येतात.

टॅक्सीवाले झिजलेल्या इंजिनाला बोअर मारून जाडे पिस्टन घालत. समजा व्यास अर्धा मिलिमीटरने वाढला. ६८.५ घेऊन पुन्हा गुणाकार करा. उत्तर सुमारे ११०६ सीसी. म्हणजे वाढ जेमतेम दीड टक्का. बोअर मारल्याने इंजिन नव्यासारखं होतं ते आकार वाढल्यामुळे नव्हे, तर गोलाई आणि फट पुन्हा अचूक झाल्यामुळे. नातवाने गणित दोनदा करून पाहिलं, चेहरा पाडला, पण पटलं.

टर्बोचं म्हणाल तर जास्त हवा म्हणजे जास्त दाब आणि जास्त उष्णता. त्यासाठी पिस्टन, गॅस्केट, इंधनाची यंत्रणा, थंड करण्याची यंत्रणा, सगळंच बदलावं लागतं. शिवाय आपल्याकडे परवानगीशिवाय इंजिनात फेरफार करणं हा गुन्हा आहे. दंड होतो आणि गाडीही जप्त होऊ शकते. कुटुंबाच्या एकुलत्या गाडीवर हा खेळ नको.

मग कमी पैशांतली खरी सुधारणा कोणती? माझ्या मते, गाडीला इथला उन्हाळा सोसता येईल ती. आखाती जुलै-ऑगस्टात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, वर एसी आणि शेख झायेद रस्त्यावरची कोंडी. इंजिन बाहेर काढलेलंच आहे, तर पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि रबरी नळ्या त्याच वेळी बदलून टाका, कारण नंतर त्याच मजुरीचे पैसे पुन्हा द्यावे लागतात. रेडिएटर आतून धुऊन घ्या, गळका किंवा बुजलेला असेल तर नवा घाला. रेडिएटरचं झाकणही बदला. अनेकांना ते साधं बूच वाटतं, पण ते दाब धरून ठेवतं. एक बार जास्तीचा दाब असला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. म्हणजे स्वस्तातलं एक झाकण तुम्हाला वीस अंशांची उसंत देतं. नातवाला त्याच्या हट्टाबद्दल चांगल्या प्रतीचे प्लग मिळाले, आणि ते त्यानेच घट्ट केले, टॉर्क पान्याने, ठरलेल्या आकड्यापर्यंत.

देवराष्ट्र्याची जीप

घरच्या घरी इंजिनाचे प्रयोग म्हटलं की आपल्या मातीतलं एक उदाहरण सांगायलाच हवं. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातल्या भागांतून एक छोटी जीप उभी केली. इंजिन दुचाकीचं, सुरू करायची तीही दुचाकीसारखी लाथ मारून. खर्च सुमारे साठ हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली. त्यांनी कौतुक केलं आणि त्याचबरोबर स्पष्ट सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. जीपच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. ती छोटी जीप कंपनीने आपल्या संग्रहासाठी घेतली.

या गोष्टीचे दोन्ही अर्धे आपल्या कामाचे आहेत. हातात हुन्नर असलं की साठ हजारांत मुलाची हौस पुरवता येते. आणि रस्ता सगळ्यांचा असल्याने हुन्नराला नियमांची चौकट लागते. इथे दुबईत दुसरा अर्धा विसरून चालत नाही.

तुम्ही करणार असाल तर

सर्वांत आधी गाडीची आजची किंमत काढा. दुरुस्तीचा अंदाज तिच्या निम्म्यावर जात असेल तर भावना बाजूला ठेवून गाडी सोडून द्या, हा माझा सल्ला. अंदाजात पाचवा हिस्सा 'उघडल्यावर निघालेलं' या नावाने राखून ठेवा. काही ना काही निघतंच.

गाडीच्या नेमक्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवा. त्यातल्या मर्यादांपुढे कुणाचाही अंदाज चालत नाही, माझाही नाही. नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट मोजा. पिस्टनवरच्या रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने घट्ट करा. काही इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते जुने पुन्हा घालू नका. काटकसर साफसफाईत करा. गॅस्केट, बोल्ट आणि तेल यांत नको.

इंजिन सुरू झाल्यावर पहिले हजार किलोमीटर त्याला एकाच वेगाने पळवू नका, उगाच उभं ठेवून चालूही ठेवू नका. वेग कमी-जास्त होऊ द्या, म्हणजे रिंगा भिंतीला नीट बसतात. मग तेल आणि फिल्टर बदला. आमची गाडी या टप्प्यातून गेली, तपासणीत पास झाली, आणि आता दोन तेलबदलांच्या मध्ये वरून तेल घालावं लागत नाही. सूनबाईंच्या वहीत 'हप्ता' हा रकाना कोराच राहिला. नातीची शिकवणी चालू आहे, आणि पुढे काय शिकायचं याबद्दल तिचं मत हल्ली बरंच ठाम झालं आहे. मी त्यात पडत नाही.

प्रत्येकाने इंजिन उघडावंच असं नाही. पण येत्या शनिवारी मुलांना घेऊन निदान बॉनेट उघडा. तेलाची पट्टी बाहेर काढून पुसा, पुन्हा बुडवा आणि पातळी वाचायला मुलांना सांगा. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट किती आहे ते बघा; गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दर महिन्याला हे दोन आकडे तारखेसह एका वहीत मांडा. वर्षभरात ती वही तुमच्या गाडीबद्दल इतकं सांगेल, की गॅरेजमध्ये जाल तेव्हा काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असेल.

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. घरात दिवे लागू द्या, डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा मात्र विझलेलाच राहू द्या.